हिरव्याला तांबड्यानं भागलं तेव्हा

बारा वर्षं माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जांभळं होतं. लिशमन स्टेन, म्हणजे रक्ताच्या पेशींना द्यायचा रंग, साबणानं जात नाही, स्पिरिटनं थोडा फिका होतो. लग्नकार्याला जायचं असलं की आई म्हणायची, "मेंदी काढून घे व, लपून जाईल त्याच्यात." नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी स्लाइडी करायचे. बोटाला लॅन्सेट टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढून जिभेच्या आकाराचा स्मिअर करायचा, वाळला की वर स्टेन ओतायचा, दोन मिनिटांनी त्याच्या दुप्पट बफर, मग आठ-दहा मिनिटं वाट बघायची. धुतलं की लाल पेशी गुलाबी आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळी. दिवसाला चाळीस-पन्नास स्लाइडी व्हायच्या. रंग न दिलेली पेशी म्हणजे माझ्या लेखी अर्धवट सोडलेलं काम.

म्हणून पस्तिसाव्या वर्षी भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला बसले, तेव्हा सरांचा पहिलाच प्रश्न मला विचित्र वाटला. "रंग न देता पेशी काचेवर बसवून द्याल का? आणि कितपत पातळ बसेल?" मी म्हटलं, बसवून देईन, पण मग दिसणार काय? सर म्हणाले, "तेच बघायचंय." पगार आधीपेक्षा थोडा कमी होता, पण रविवारी सुट्टी होती. पॅथॉलॉजीत रविवार नसतो. मी हो म्हणाले. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. पश्चिम नागपुरातली एक जुनी इमारत, जाड भिंती, आणि मार्च संपला की ओळीनं सगळ्या खिडक्यांना कूलर. या कूलरकडे नंतर येते.

यंत्राचं नाव स्नॉम. निअर-फील्ड मायक्रोस्कोप, म्हणजे वस्तूच्या अगदी अंगाला लागून असलेला प्रकाश टिपणारा सूक्ष्मदर्शक. ते का लागतं हे समजायला मला महिना गेला, त्यामुळे इथे थोडी थांबते.

जिवंत पेशी म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो तो आकडा, १.३३, आतल्या द्रवाचा १.३७ च्या आसपास. ग्लासभर पाण्यात बर्फाचा स्वच्छ खडा शोधावा तसं होतं ते. म्हणून आम्ही रंग देतो. पण रंग दिला की पेशी आधी मिथेनॉलमध्ये मरते, आणि जे दिसतं ते पेशीचं नसतं, रंग जिथे जाऊन बसला त्या जागेचं असतं. बारा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. रंगाशिवाय पेशी दाखवणारे मायक्रोस्कोप आहेत. त्यातल्याच फेज कॉन्ट्रास्ट या रीतीसाठी झर्निकेला १९५३ साली नोबेल मिळालं. पण दिसणं वेगळं आणि बारीक दिसणं वेगळं. प्रकाश लहरींचा असल्यामुळे भिंगातून बघताना साधारण अर्ध्या लहरीपेक्षा जवळचे दोन ठिपके एकात एक मिसळतात. अर्नस्ट आबेनं हे १८७३ मध्ये मांडलं. आमच्या हिरव्या लेझरची लहर ५३२ नॅनोमीटर. तेलात बुडवायचं चांगलं भिंग लावलं तरी साधारण १९० नॅनोमीटरच्या खाली जाता येत नाही.

सरांनी मला हे सगळं फळ्यावर समीकरणं मांडून दोनदा समजावलं. डोक्यावरून गेलं. मग एक दिवस ते म्हणाले, "स्टेथोस्कोप पाहिलाय ना? हृदयाच्या ठोक्याचा आवाज किती लांब लहरीचा असतो माहितेय? कित्येक मीटर. तरी डॉक्टर छातीवर दोन बोटं इकडे-तिकडे सरकवून कुठली झडप बिघडलीय ते सांगतो. कसं?" मी म्हटलं, छातीला टेकवतो म्हणून. "आणि तोंड बारीक असतं म्हणून," सर म्हणाले. झालं, समजलं. झुरिकला आयबीएमच्या प्रयोगशाळेत डीटर पोल आणि मंडळींनी १९८४ मध्ये पहिलं असं प्रकाशाचं यंत्र केलं, तेव्हा त्यांनी आपल्या लेखाच्या नावातच स्टेथोस्कोप आणला होता. दवाखान्यातल्या माणसाला कळावं म्हणूनच जणू.

म्हणजे प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूप लहान भोक करायचं आणि ते वस्तूच्या जवळजवळ अंगावर न्यायचं. ही युक्ती आयर्लंडच्या एडवर्ड सिंज नावाच्या गृहस्थानं १९२८ सालीच छापली होती. त्याआधी त्यानं आइनस्टाइनला पत्र लिहून विचारून घेतलं होतं. पण असं भोक करणार कोण आणि ते तिथे धरून ठेवणार कोण? १९७२ मध्ये लंडनला अॅश आणि निकोल्स यांनी ३ सेंटिमीटर लांबीच्या मायक्रोवेव्हनं तेच करून दाखवलं आणि अर्ध्या मिलिमीटरचा तपशील वेगळा काढला, म्हणजे लहरीचा साठावा हिस्सा. मग दृश्य प्रकाशाची पाळी आली. बेल लॅबमध्ये एरिक बेट्झिगनं १९९१ च्या सुमारास ताणून टोकदार केलेला काचेचा फायबर आणि त्यावर अॅल्युमिनिअमचा मुलामा ही रीत बसवली. आम्ही वापरत होतो ती थोडीफार तीच. पुढे त्याला नोबेलही मिळालं, पण वेगळ्या युक्तीसाठी. स्नॉमला तो स्वतःच कंटाळला होता असं म्हणतात. मे महिन्यात मला त्याची फार आठवण यायची.

तर टिप, म्हणजे फायबरचं ते टोक. सगळं काम टिपेवर. आमच्याकडे टिपा घरीच व्हायच्या. टेलिफोनच्या केबलीत असतो तसला फायबर, बाहेरून १२५ मायक्रॉन जाड. त्याचं प्लॅस्टिकचं साल काढायचं आणि टोक हायड्रोफ्लुओरिक आम्लात उभं सोडायचं. वर तेलाचा थर असतो. जिथे आम्ल आणि तेल भेटतात तिथे फायबर बारीक होत जातो, बारीक झाला की आम्ल त्याच्यावर कमी चढतं, आणि शेवटी आपोआप टोक निघतं. हे आम्ल काच खातं म्हणून भांडं प्लॅस्टिकचं. हाताला लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. म्हणून कॅल्शिअम ग्लुकोनेटची ट्यूब झाकण उघडून बाजूला ठेवूनच काम सुरू. रक्त हाताळणाऱ्या बाईला भीती कसली, असं लॅबमधल्या मुलाला वाटायचं. हेपटायटिसचं रक्त मी न घाबरता हाताळलेलं आहे. या आम्लाला मी घाबरले, आणि अजूनही घाबरते.

तो मुलगा पीएच.डी. करत होता, काटोलकडचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तो मला ताई. टिपा किती वेळ बुडवायच्या याचा तक्ता त्यानं डिसेंबरमध्ये केला होता. एप्रिलमध्ये त्याच वेळाला टिपा बोथट आणि आखूड निघायला लागल्या. दोन आठवडे आम्ही आम्लाच्या बाटलीला दोष देत होतो. खोलीचं तापमान कुणी बघितलंच नव्हतं. डिसेंबरात सकाळी १८ होतं, आता दुपारी ३८. उकाड्यात आम्ल जोरात खात होतं, इतकंच. नंतर टिपा आम्ही पहाटे करायला लागलो.

टोक झालं की निर्वात भांड्यात अॅल्युमिनिअमची वाफ चढवायची, साधारण १०० नॅनोमीटर. टिप थोडी तिरपी धरून गोल फिरवत ठेवायची, म्हणजे बाजूंवर धातू बसतो आणि अगदी टोक सावलीत राहून उघडं राहतं. तेच भोक. मग लेझर सोडून साध्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. टोकाशी एकच ठिपका लुकलुकला तर पास. बाजूनं कुठे चमकलं तर मुलाम्याला छिद्र पडलंय, नापास. दहातल्या तीन-चार पास व्हायच्या. मी त्यांना स्लाइडच्या डबीत फोम लावून ठेवत असे आणि प्रत्येकीला नंबर देत असे. सतरा नंबर माझ्याच हातून गेली. भोकातून बाहेर पडणारा प्रकाश फारच कमी असतो, आत टाकलेल्याच्या दहा हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी. पडद्यावर सिग्नल मंद दिसला म्हणून मी लेझरची ताकद वाढवली, आणखी वाढवली. न निघालेला प्रकाश जाणार कुठे? टोकातच उष्णता होऊन साठतो. अचानक सिग्नल शंभरपट झाला. मी खूश झाले, भाऊनं कपाळाला हात लावला. मुलामा उडाला होता. बारीक भोकाच्या जागी उघडी काच राहिली होती.

टिप पेशीपासून दहा-वीस नॅनोमीटरवर धरून ठेवायची असते. त्यासाठी लागतो घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा, ट्यूनिंग फोर्क. सेकंदाला ३२,७६८ वेळा कापतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणून घड्याळवाल्यांना सोयीचा. त्याच्या एका पायाला फायबर चिकटवायचा. टिप पृष्ठभागाच्या अगदी जवळ गेली की आडवं कापणं मंदावतं, तेवढ्यावरून संगणक ओळखतो आणि पिएझोनं, म्हणजे वीज दिली की किंचित लांब-आखूड होणाऱ्या तुकड्यानं, टिप वर-खाली करत अंतर सारखं ठेवतो. पहिल्या वेळी हे चिमटे आणायला मी सीताबर्डीला एका घड्याळवाल्याकडे गेले. पन्नास मागितले. तो म्हणाला, "बाई, पन्नास घड्याळं बंद पडली का घरी?" काय करणार ते सांगितलं. त्यानं एक क्रिस्टल पकडीत धरून डबी काढून दाखवली, आत तांदळाच्या दाण्याएवढा चिमटा. "एवढ्याशा गोष्टीनं रक्त पाहून राहिले तुम्ही?" त्यानं दोन जास्तीचे दिले.

पेशी बसवणं मात्र माझं खातं. खालून प्रकाश गोळा करणारं भिंग काचेला अगदी लागून असतं, त्यामुळे जाड स्लाइड चालत नाही, ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप हवी. तिच्यावर स्मिअर ओढताना पहिल्या आठवड्यात वीस-एक मोडल्या. रक्त माझंच, दर सोमवारी डाव्या हाताची अनामिका. माझ्या आधी भाऊनं स्वतः प्रयत्न केला होता. सलाइनमधल्या पेशी वाळवल्या, तर मिठाचे खडे पेशीपेक्षा मोठे झाले आणि टिप त्यांच्यावर जाऊन आपटली. मग मीठ जावं म्हणून त्यानं डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं आणि पेशीच सापडेनात. हे ऐकून मी हसले. "कायले हसून राहिल्या ताई?" लाल पेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकल्या की पाणी पिऊन फुटतात, हे डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला शिकवतात. आधी ग्लुटारअल्डिहाइडनं पेशी पक्की करायची, मग बिनधास्त धुवायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे माझी गरज आहे.

एक कबुली इथेच देते. जिवंत पेशी आम्ही बघितल्याच नाहीत. पाण्यात फोर्कचं कापणं मंदावतं आणि मऊ पडद्याला टिप ओढत नेते. काही प्रयोगशाळांनी यावर तोडगे काढलेत, आमच्याकडे ते साधलं नाही. रंग न दिलेल्या पेशी हे खरं, पण पक्क्या केलेल्या आणि वाळवलेल्या.

आता कूलर. एप्रिलच्या शेवटी चित्रांवर उभे पट्टे यायला लागले. आधी वाटलं टिप सैल आहे. मग वाटलं टेबलाच्या हवेच्या पायांत हवा कमी आहे. मग रस्त्यावरच्या ट्रकना दोष दिला, ते तर आपल्या हातातच नाहीत. एका दुपारी काही सुचत नव्हतं म्हणून मी पट्टे मोजले. पेशी मोजायची सवय, न्यूबार चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर, आयुष्य गेलं. एका ओळीत तेवीस. दुसऱ्या चित्रात, तेवीस. पेशी बदलली, काच बदलली, तरी तेवीस. टिपेला एक ओळ पुढे जायला बरोबर एक सेकंद लागायचा. म्हणजे काहीतरी सेकंदाला तेवीस वेळा हलत होतं. मी आकडा भाऊला सांगितला. त्यानं साठानं गुणलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. शेजारच्या खोलीचा डेझर्ट कूलर आमच्या भिंतीला टेकवलेला होता, आणि त्याच्या मोटरवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, मिनिटाला १४०० फेरे.

शेजारच्या खोलीत ज्यांचा कूलर त्यांना मे महिन्यात तो बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच. बाहेर ४५. वाळ्याच्या ताट्या, थंड ओलसर हवा, आणि आम्ही जाऊन सांगतो की तुमच्या पंख्यामुळे आमची लाल पेशी थरथरते आहे. ते ऐकून घेतील अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि त्यांनी ऐकलंही नाही. मग पहाटे चार ते आठ ही आमची वेळ ठरली. बजाजनगरहून त्या वेळी स्कूटीनं यायला सहा मिनिटं लागायची. आठ वाजता कूलर सुरू झाले की आम्ही तर्री पोहे खायला बाहेर.

चित्र काढणं कंटाळवाणं असतं. दहा मायक्रॉनचा चौकोन, म्हणजे त्यात एक लाल पेशी बसते. २५६ ओळी, प्रत्येकीला जायला एक सेकंद आणि यायला एक. साडेआठ मिनिटं पूर्ण अंधारात बसायचं, कारण डिटेक्टर इतका हळवा की मॉनिटरचा उजेडही त्याला दिसतो. यंत्रावरच्या दिव्यांना काळी टेप, मॉनिटरवर काळं फडकं. फडक्याखाली डोकं घालून ओळी उमटताना बघायच्या. जुन्या फोटो स्टुडिओतल्या माणसासारखं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, पाच वाजून गेले असतील, ते चित्र आलं. लाल पेशी, रंगाशिवाय. कड अशी रेखीव की नखानं ओढावी. मधला खळगा. आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक दाणे, शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचे, एकेक वेगळा. बारा वर्षांत मी काही लाख लाल पेशी पाहिल्या असतील, त्यांच्या अंगावर काय असतं ते कधी दिसलं नव्हतं. भाऊ नाचला. मी आईला फोन केला, ती उठलेलीच असते. "रंग नाही दिला तरी दिसलं? कसं काय व?" मला नीट सांगता आलं नाही. चित्र ए-फोर कागदावर छापून भिंतीला लावलं.

सर दहाला आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुंदर आहे. उंचीचं चित्र शेजारी लावा." या यंत्रात एकाच वेळी दोन चित्रं येतात, एक प्रकाशाचं आणि एक टिप किती वर-खाली झाली त्याचं. लावलं. तेच दाणे, त्याच जागी, तेवढेच. मला तर ते बरंच वाटलं, दोन्हीकडून एकच साक्ष. सर म्हणाले, "आता तांबडा लेझर लावून तीच पेशी बघा."

ही चाचणी फार साधी आहे आणि पॅथॉलॉजीतल्या माणसाला आधीच सुचायला हवी होती. हिमोग्लोबिन ५४० आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, म्हणून तर रक्त लाल. ५३२ चा हिरवा त्यातल्या पहिल्या शिखराच्या अगदी जवळ. तांबडा ६३३ ते जवळजवळ पूर्ण सोडून देतं. म्हणजे रंग द्यायची गरजच नाही, लाल पेशीत निसर्गानंच रंग भरून ठेवलाय. आमच्या चित्रात खरोखर पेशीचा प्रकाश असेल, तर हिरव्यात पेशी गडद आणि तांबड्यात फिकी दिसायला हवी.

शनिवारी पहाटे तांबड्यात चित्र काढलं. हुबेहूब तेच. तीच कड, तेच दाणे, तोच गडदपणा.

फडक्याखालून डोकं बाहेर काढल्यावर भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. चित्रात प्रकाश होता, पण तो पेशीबद्दल काही सांगत नव्हता, टिपेच्या हालचालीबद्दल सांगत होता. टिप दाण्यावर चढली की वर जाते, वर गेली की खाली गोळा होणारा प्रकाश थोडा बदलतो, उतरली की पुन्हा बदलतो. उंचीच्या चित्राचीच छाया प्रकाशाच्या चित्रात उमटते. शिवाय टिपेचं पेशीला टेकतं ते टोक म्हणजे मुलाम्याचा एखादा उंच कण असतो, आणि भोक त्याच्या मागे थोडं वर राहिलेलं असतं. बारीक दिसतं ते त्या कणाचं काम, भोकाचं नाही. हेख्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच फसगतीवर अख्खा लेख लिहिला होता. सरांनी तो मला पहिल्याच महिन्यात वाचायला दिला होता. मी वाचलाही होता, पेन्सिलीनं खुणा करून.

उपाय ठाऊक होता, नुसता नको वाटत होता. टिप वर-खाली होऊच द्यायची नाही. एका उंचीवर कुलूप लावून सरळ फिरवायची. पण पेशी म्हणजे डोंगर. काचेपासून वर चढताना टिप तिच्यात घुसेल. म्हणून अख्खी पेशी सोडायची आणि माथ्यावरचा दोन मायक्रॉनचा तुकडा घ्यायचा. तो घेतला. दाणे गेले. राहिला नुसता करडा, पुसट डाग. एवढ्यासाठी तीन टिपा मोडल्या.

मग अख्ख्या पेशीसाठी सरांनी दुसरी वाट सुचवली. तीच टिप, तीच पेशी, तेच चढउतार, पाठोपाठ हिरवं आणि तांबडं चित्र. नंतर ठिपक्यामागून ठिपका घेत हिरव्याला तांबड्यानं भागायचं. टिपेच्या हालचालीनं जे बिघडलं ते दोन्हीत जवळपास सारखं, ते भागाकारात उडून जाईल. उरेल ते हिमोग्लोबिनचं. किती उरावं याचा हिशोब मी वहीत मांडला, त्यासाठी माझं जुनं ज्ञान पुरलं. पेशीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, म्हणजे आमचं एमसीएचसी, डेसिलिटरला ३३ ग्रॅम. कडेशी जाडी दोन मायक्रॉनच्या थोडी वर. उत्तर आलं की हिरव्या प्रकाशातले शंभरात दहा भाग पेशीनं खायला हवेत. पेशी वाळून चपटी झाली तरी हिमोग्लोबिन कुठे जात नाही, त्यामुळे आकडा तोच. स्लाइड मात्र ताजी हवी. शिळ्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपकिरी पडतं, मेथिमोग्लोबिन होतं, आणि ते ६३० च्या आसपासही थोडं शोषतं. मग तांबड्याचा भरवसा राहत नाही. सोमवारची अनामिका आता रोजची झाली.

भागाकाराचं पहिलं चित्र पाहून कुणी नाचलं नसतं. वाळूसारखं खरखरीत. कड विरलेली. पण पेशीच्या जागी एक गडद कडं होतं, आणि मधे फिकं. सेंट्रल पॅलर! लिशमनच्या गुलाबी रंगात रोज दिसायचं ते, गोल पेशीच्या मधला फिकटपणा, तोच. वाढला की आम्ही रिपोर्टात हायपोक्रोमिक लिहायचो. काचेवर रंगाचा एक थेंब नव्हता. आकडा शंभरात सात-आठ आला, वहीतल्या दहाच्या आसपास.

सर म्हणाले, "बरोबर आहे. पण हे तर साध्या मायक्रोस्कोपला हिरवा फिल्टर लावूनही दिसेल." तेही खरंच होतं. भोकातून बाहेर आलेला प्रकाश पहिल्या शंभर नॅनोमीटरपर्यंतच बारीक असतो, पुढे पेशीच्या जाडीत पसरतो. बारीक दिसणार ते फक्त वरच्या सालीतलं, आणि हिमोग्लोबिन तर आत सगळीकडे भरलेलं.

याच सुमारास मेडिकल कॉलेजातली माझी जुनी मैत्रीण भेटली. विदर्भात लाल पेशी म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेला. "याच्यानं सिकलसेल समजते का?" माझ्या मामेभावाच्या घरात एएस आहे, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक, एक मुलगी एसएस, म्हणजे दोन्ही, आजारच. प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. मी तिला खरं तेच सांगितलं, नाही. सिकल हिमोग्लोबिन प्राणवायू सोडलं की त्याचे दोरे वळले जातात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते, पण तो दोरा २१ नॅनोमीटर जाडीचा आणि आमचं भोक शंभरचं. शिवाय दोरे पेशीच्या आत, आम्ही सालीवर. आणि निदानाला हे हवंय कशाला? सोल्युबिलिटी टेस्ट गावातल्या शिबिरात होते, पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस आहे. ती म्हणाली, "मग तू करून काय राहिली?" मी म्हटलं, पोहे खाऊ चल.

जूनमध्ये लाल पेशी बाजूला ठेवून आम्ही गालाच्या आतल्या पेशी घेतल्या. लाकडी काडीनं हलकंसं खरवडायचं की येतात. पन्नास-साठ मायक्रॉन रुंद, पण पापडासारख्या चपट्या. त्यांच्या अंगावर बारीक वळ्या असतात, बोटाच्या ठशावर असतात तशा. चपटं असल्यामुळे उंचीला कुलूप लावून तीन मायक्रॉनच्या तुकड्यावर टिप फिरवता येते, आणि सगळं वरच्या सालीतच आहे. या वेळी फसायचं नव्हतं. चाचणी आधी ठरवली, चित्र मागून. टिप सगळ्यात उंच वळीच्या जेमतेम वर ठेवून चित्र काढायचं. मग तीच दोनशे नॅनोमीटर उचलून पुन्हा. जवळच्या प्रकाशाचं चित्र असेल तर एवढ्याशा उचलण्यानं वळ्या विरल्या पाहिजेत, कारण तो प्रकाश तेवढ्यातच संपतो. लांबच्या प्रकाशाला दोनशे नॅनोमीटरचं काय!

मृग लागला होता. कूलर बंद, पण दमटपणानं लेन्सा धूसर व्हायच्या, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या सगळीकडे. ३१ नंबरची टिप होती, डबीतली सगळ्यात चांगली. खाली ठेवली, फडक्याखाली वळ्या उमटल्या, करड्यावर करड्या, दोन बोटं शेजारी ठेवावीत तशा. उचलली. नुसता करडा पडदा. खाली आणली. आल्या. भाऊ म्हणाला, "पुन्हा." उचलली, गेल्या. उतरवली, आल्या. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी टिप खाली असताना बाहेर वीज कडाडली आणि लाइन गेली. संगणक यूपीएसवर होता. पिएझोचा पुरवठा नव्हता.

पंधरा मिनिटांनी लाइन आली. टिपेचं टोक काही जागेवर नव्हतं, पेशीच्या मधोमध एक चरा पडलेला होता. मी वहीत लिहिलं, ३१ गेली, पाच जोड्या मिळाल्या. डबीत दोन उरल्या होत्या. भिंतीवरचा मे महिन्यातला लाल पेशीचा कागद अजून तिथेच होता, दाण्यांसकट. बघायला येणारे अजून त्याच्यासमोरच थांबतात. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं ‘उंची’ असं लिहून ठेवलंय.